सोमवारी दुपारी तीन ते पाच: महापालिकेत जाऊन फाइल वाचण्याच्या सोयीबद्दल

आमच्या सोसायटीच्या पश्चिमेला साडेआठ एकरांचं शेत होतं. आधी ज्वारी व्हायची, मग काही वर्षं नुसतं पडीक. २०२३ च्या पावसाळ्याआधी त्याला निळे पत्रे लागले आणि फाटकावर नऊ टॉवरांचं रंगीत चित्र आलं. सोसायटीच्या सभेत त्यावर दोन तास बोलणं झालं. कोणी म्हणालं चौदा मजले, कोणी म्हणालं बावीस. पाणी कुठून आणणार, आमच्या नऊ मीटरच्या रस्त्यावरूनच सगळ्या गाड्या जाणार का, शाळेचं आरक्षण होतं ते कुठे गेलं. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात कागद नव्हता. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं अनुरेखक होतो. नकाशा समोर नसताना जमिनीबद्दल बोलायची मला सवय नाही. म्हणून मी कागद शोधायला निघालो आणि त्यात मला जी सोय सापडली तिच्याबद्दल हे लिहितो आहे.

सोय अशी. सामान्य प्रशासन विभागाचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे. त्यानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबायची गरज नाही. जायचं, कोणती फाइल हवी ते सांगायचं, बसून वाचायची. पुणे महापालिकेत अशी पद्धत आधीपासून होती, परिपत्रकानं ती राज्यभर नेली. मी आमच्या महापालिकेत जुलै ते जानेवारी या काळात अकरा सोमवार गेलो.

पहिल्या सोमवारी काहीच हाती लागलं नाही. नगररचना विभागात गेलो तर ते म्हणाले बांधकाम परवानगी विभाग वेगळा, दुसऱ्या मजल्यावर. तिथे विचारलं, फाइल नंबर काय? माझ्याकडे नुसता सर्व्हे नंबर होता. कोणी हाकललं नाही, पण सर्व्हे नंबरवरून शोधून द्यायलाही कोणी उठलं नाही. परत येताना पत्र्याजवळ थांबलो. कामाच्या जागी फलक लावावा लागतो, त्यावर परवानगीचा क्रमांक आणि तारीख असते. रंगीत चित्राच्या मागच्या बाजूला, वाळूच्या ढिगाआड तो फलक होता. क्रमांक वहीत उतरवून घेतला. जाणाऱ्या प्रत्येकानं हे आधी करावं, त्यानं माझा एक अख्खा आठवडा वाचला असता.

दुसऱ्या सोमवारी फाइल आली. दोन जाड गठ्ठे, नाडीनं बांधलेले, आणि नकाशांची वेगळी गुंडाळी. तिथल्या कारकून बाईंनी दोन टेबलं जोडून दिली, कारण लेआउटचा कागद एका टेबलावर मावेना. सहा महिन्यांत त्यांनी मला एकदाही घाई केली नाही. पाच वाजले की म्हणायच्या, "काका, खूण घालून ठेवा, पुढच्या सोमवारी तिथूनच सुरू करा."

सरकारी फाइल खालून वर वाचायची असते. सगळ्यात जुना कागद तळाशी. या फाइलच्या तळाशी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला होता. त्यावर वास्तुविशारदाचा अर्ज, मग छाननीचा तक्ता, त्रुटींचं पत्र, त्रुटी दूर केल्याचं पत्र, अधिमूल्याची चलनं, अग्निशमनची तात्पुरती ना हरकत, पाणीपुरवठ्याचं पत्र, मलनिःसारणाचं पत्र, उद्यान विभागाचं पत्र, पर्यावरण मंजुरीची प्रत आणि सगळ्यात वर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात. डाव्या बाजूला टिपणी. टिपणीत कोणत्या टेबलावर फाइल कधी आली आणि कधी पुढे गेली हे सह्यांसकट असतं. घडलेलं सगळं समजून घ्यायचं तर टिपणी वाचा. उजवीकडच्या पत्रांत विनंती आणि उत्तर असतं. अमुक मुद्दा कोणी काढला आणि त्यावर वरिष्ठांनी काय लिहिलं, ते टिपणीतच सापडतं.

सभेत ज्या गोष्टींवर वाद झाला होता, त्या एकेक करून कागदावर शोधल्या.

पहिली गोष्ट रस्ता. मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. महापालिका हद्दीत मूळ एफएसआय १.१०. त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किती चढवता येईल हे भूखंडासमोरचा रस्ता किती रुंद यावर ठरतं. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वर काही नाही. १५ ते २४ मीटरच्या रस्त्यावर एकूण २.५० पर्यंत, २४ ते ३० मध्ये २.७५ पर्यंत, ३० आणि त्यापुढे ३.०० पर्यंत. शिवाय निवासी बांधकामाला अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून ६० टक्के अनुषंगिक एफएसआय, जिने-बाल्कन्यांसारख्या भागांसाठीचा. म्हणजे टॉवरची उंची रस्त्यानं ठरते. आमचा रस्ता मी पावलांनी मोजलेला आहे, टेपनंही मोजलेला आहे, नऊ मीटर. छाननीच्या तक्त्यात लिहिलं होतं २४ मीटर.

मला आधी वाटलं चूक आहे. तसं नव्हतं. विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, तिथून २४ मीटरचा रस्ता दाखवलेला आहे. भूखंडाच्या समोरची पट्टी मालकानं महापालिकेच्या ताब्यात दिल्याची ताबापावतीही फाइलमध्ये होती. तेवढ्या तुकड्यावर रस्ता खरोखर २४ मीटर होणार. पण तो तुकडा जिथे संपतो तिथून मुख्य रस्त्यापर्यंतच्या जमिनी दुसऱ्या मालकांच्या, त्या ताब्यात आलेल्या नाहीत. लेआउटवर मी पट्टी लावून पाहिलं. भूखंडाची हद्द संपते तिथे रस्त्याची कडही संपते, पुढे कागद कोरा. लेआउट फक्त स्वतःच्या हद्दीपुरता काढतात, त्यात गैर काही नाही. पण शेजारी राहणाऱ्या माणसाला हवी असलेली गोष्ट नेमकी त्या कोऱ्या भागात असते. म्हणून डीपीचा भाग नकाशा वेगळा मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. मी तो रीतसर शुल्क भरून घेतला. तो हातात नसता तर मला फाइल अर्धीच कळली असती.

दुसरी गोष्ट पाणी. याचा सगळा हिशेब पर्यावरण मंजुरीच्या कागदांत असतो. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या पुढे गेलं की तो टाउनशिपच्या गटात जातो. राज्यात आधी तज्ज्ञ मूल्यांकन समिती प्रकल्प तपासते, मग राज्यस्तरीय प्राधिकरण मंजुरी देतं. अर्ज, समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, मंजुरीचं पत्र हे सगळं केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर आहे. ते २०१८ साली सुरू झालं. तिथे मला फाइलमधल्यापेक्षा जास्त तपशील मिळाला, घरी बसून, रात्री नऊ वाजता. नोकरी करणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

हिशेब असा होता. १,१४० सदनिका, प्रत्येकी पाच माणसं, म्हणजे ५,७०० माणसं. माणशी रोज १३५ लिटर. गुणाकार केला की रोजचे ७ लाख ६९ हजार ५०० लिटर. यातले माणशी ९० लिटर ताजं पाणी आणि ४५ लिटर फ्लशसाठी, इमारतीच्याच सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून शुद्ध होऊन परत येणारं. म्हणजे ताजं पाणी रोज पाच लाख तेरा हजार लिटर. आता महापालिकेच्या फाइलमधलं पाणीपुरवठ्याचं पत्र वाचा. त्यात लिहिलं होतं की पाणी उपलब्धतेनुसार दिलं जाईल आणि तोवर विकासकानं स्वखर्चानं सोय करावी. त्यामागे विकासकाचं हमीपत्र जोडलेलं. हे पत्र मी तीन वेळा वाचलं. पाच लाख लिटरची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर त्या एका पानात आहे. घर घेणाऱ्या माणसाला ते पान कोणी दाखवत नाही.

तिसरी गोष्ट मोकळी जागा. ३४,४०० चौरस मीटर भूखंड. नियमानं दहा टक्के करमणुकीची मोकळी जागा, म्हणजे ३,४४०. भूखंड २०,००० चौरस मीटरच्या पुढचा असल्यानं पाच टक्के सुविधा क्षेत्र, १,७२०. दोन्ही नकाशावर होती. त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढलं, तेही जुळलं. ज्यानं हा नकाशा काढला त्याचं काम चोख आहे. रेषा स्वच्छ, प्रत्येक अंतर लिहिलेलं, सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, वेगळ्या रंगात. एवढं बारकाईचं ड्रॉइंग बघून मला मनापासून बरं वाटलं.

इथवर वाचून कोणाला वाटेल, सगळं मिळतं तर तक्रार कसली? तक्रारी आहेत, आणि त्या सोयीच्याच आहेत.

आठवड्यातले दोनच तास, तेही कामाच्या दिवशी दुपारी. आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आहेत. सोमवारी तीन वाजता मोकळी असणारी माणसं चार. फाइल एका जागी नसते. अग्निशमनची मूळ कागदपत्रं दुसऱ्या इमारतीत, उद्यान विभागाची तिसरीकडे. मुख्य फाइलमध्ये नुसती पत्रं, जोडपत्रं नाहीत. नकाशाचा फोटो काढू दिला नाही, प्रतीसाठी माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, पानाला दोन रुपये आणि मोठ्या नकाशाचा प्रत्यक्ष खर्च. कायद्यात तीस दिवस आहेत. एक्केचाळिसाव्या दिवसापर्यंत काहीच आलं नाही. मग पहिलं अपील केलं, त्यानंतर आठवड्यात प्रती मिळाल्या. छाननीचा तक्ता आणि नकाशावरच्या नोंदी सगळ्या इंग्रजीत. मला खात्यातल्या सवयीनं कळल्या. आमच्या अध्यक्षबाई माझ्यासोबत एकदा आल्या, त्या शिक्षिका आहेत, तरी अर्ध्या तासानं म्हणाल्या, "मला यातलं काही उमगत नाही, तुम्हीच सांगा." कागद उघडा असणं आणि तो वाचता येणं यांत फार अंतर आहे. ते कमी करायला त्या खोलीत एक माणूस बसवावा, आठवड्यातून दोन तास, एवढंच पुरे आहे.

तरी पाचपैकी चार द्यावेत अशी ही सोय आहे. एक गुण वेळेसाठी कापला.

सप्टेंबरमध्ये माझी पुतणी आली. तिला त्याच प्रकल्पात घर घ्यायचं होतं. मला कानकोंडं झालं, कारण सोसायटीत मी त्याच प्रकल्पाचे कागद तपासत होतो. पण तिला राहायला घर हवं आहे आणि ते कुठेतरी उभं राहणारच, हेही खरं. तिच्याकडे ब्रोशर होतं. ई टॉवर, एकोणिसावा मजला, पूर्वेची खिडकी.

मी वही उघडली. ई टॉवरचा मंजूर नकाशा चौदा मजल्यांचा होता.

"काका, पण ते म्हणाले बावीस मजले आहेत."

"होतील कदाचित. अजून मंजूर नाहीत."

मग आम्ही दोघांनी महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प तिथे नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो मोबाइलनं टिपला की थेट त्या प्रकल्पाच्या पानावर जाता येतं. ब्रोशरच्या मागच्या पानावर तो होताच, पुतणीनं तो कधी वापरला नव्हता. त्या पानावर मंजूर एफएसआयनुसार किती बांधकाम आणि प्रस्तावित पण अद्याप मंजूर नसलेलं किती, असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. सीसी अपलोड केलेला असतो, नकाशे असतात, दर तिमाहीला कामाची प्रगती टाकावी लागते. विकासकानं काहीच लपवलेलं नव्हतं. मंजूर आणि प्रस्तावित हे दोन शब्द तिथे स्पष्ट लिहिलेले होते. फक्त विक्रीच्या कार्यालयात बोलताना दुसरा शब्द गळून जातो.

तिला मी आणखी तीन गोष्टी दाखवल्या. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीच काढता येतात. आणि मंजूर नकाशात आणि लेआउटमध्ये पुढे मोठे बदल करायचे तर दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. तिसऱ्या मुद्द्यावर ती थांबली. म्हणाली, "म्हणजे चौदाचे बावीस करायला आमची सही लागेल?" करारनामा करताना आधीच संमती लिहून घेण्याचा प्रयत्न होतो, ती कलमं वकिलाकडून वाचून घे, एवढंच मी सांगितलं. पाण्याच्या हमीपत्राची प्रतही दिली.

तिनं अकराव्या मजल्यावरचं घर घेतलं. टँकरचा खर्च ताबा मिळाल्यावर किती काळ विकासक उचलणार हे करारनाम्यात लिहून मागितलं. दोन महिने पत्रव्यवहार झाला आणि ते कलम आलं. महारेराचं पान आणि महापालिकेची फाइल ही दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे झालं नसतं. महारेरा घर घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं आहे आणि ते काम उत्तम करतं. शेजारी राहणाऱ्याला, म्हणजे मला, रस्त्याबद्दल त्यात काही मिळणार नाही. त्याला सोमवारच लागतो.

आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठी मला नऊ सोमवार लागले.

मी गेलो होतो हरकत घ्यायला. सीसी मिळून गेलेली असली तरी कुठेतरी अर्ज करता येईल, कोणीतरी ऐकून घेईल, अशी माझी समजूत होती. फाइल जसजशी वर वाचत गेलो तसतसं दिसलं की यातल्या एकाही पायरीवर शेजाऱ्याला विचारलेलंच नाही, आणि तो कोणाचा हलगर्जीपणाही नाही. कायद्यातच तशी पायरी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली मालक अर्ज करतो, कलम ४५ खाली महापालिका परवानगी देते किंवा नाकारते. नाकारली तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. ते अपील अर्जदाराचं. परवानगी दिल्यामुळे ज्याला त्रास होणार त्याच्यासाठी तिथे काही नाही. पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत कारखाना, खाण, धरण यांना जनसुनावणी आहे, बांधकाम आणि टाउनशिपच्या गटाला त्यातून वगळलेलं आहे. मंजुरी मिळाल्यावर ती स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात तीस दिवसांत जाता येतं. त्या जाहिरातीचं कात्रण फाइलमध्ये टाचलेलं होतं. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. ते वर्तमानपत्र आमच्या घरी येतं.

याच फाइलमध्ये उद्यान विभागाचं पत्र होतं, बांधावरची सहा झाडं काढण्याबद्दल. झाडांच्या १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडण्याआधी जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. कडुनिंबाच्या खोडावरचा तो कागद मला आठवत होता. सहा झाडांबद्दल मला बोलता आलं असतं. नऊ टॉवरांबद्दल नाही.

त्या दिवशी मी पाचला उठलो नाही. कारकून बाईंना विचारलं की मग आम्ही बोलायचं होतं तरी कधी. त्या मला जवळच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर मंजूर विकास आराखड्याचा नकाशा लावलेला होता. त्या नकाशावर आमच्या शेजारचं ते शेत पिवळं होतं, रहिवास. त्याआधीच्या आराखड्यात हिरवं, शेती. २४ मीटरचा रस्ता तिथेच पहिल्यांदा काढलेला होता. वीस वर्षांतून निदान एकदा आराखड्याची फेरतपासणी व्हावी असं कायदा सांगतो. मसुदा जाहीर होतो, ठरलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो, नियोजन समिती सुनावणी घेते, मग सरकार मंजुरी देतं. बाईंनी हरकतींची यादी काढून दिली. आमच्या भागातून सत्तावीस आलेल्या होत्या. सगळ्या जमीनमालकांच्या, आपल्या जागेवरचं आरक्षण काढा म्हणून. सोसायट्यांची एकही नव्हती. आमची सोसायटी तेव्हा होती, मी तेव्हा तिचा खजिनदार होतो.

शेत पिवळं झालं तेव्हाच टॉवर ठरले होते. रस्ता २४ मीटरचा झाला तेव्हा त्यांची उंची ठरली. त्यानंतरची सगळी फाइल म्हणजे ठरलेलं नियमात बसवणं. पत्रे लागल्यावर महापालिकेत जाणारा माणूस फार उशिरा पोचलेला असतो, मग त्याचा मुद्दा कितीही खरा असो.

याच खोलीच्या बाहेर सूचना फलक आहे. नऊ सोमवार मी त्याच्यासमोरून गेलो. दहाव्या सोमवारी त्यावरचे सगळे कागद वाचले. त्यात त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ ची एक सूचना होती. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर या कलमाखाली महापालिका जाहीर सूचना काढते आणि एक महिन्याच्या आत हरकती मागवते. हरकत घेणाऱ्यांना सुनावणी द्यावी लागते, मग प्रस्ताव सरकारकडे जातो. आमच्या पूर्वेला, नव्या टॉवरांच्या विरुद्ध बाजूला, प्राथमिक शाळा आणि मैदानाचं आरक्षण आहे. ते काढून जागा रहिवासात टाकण्याचा प्रस्ताव होता. मुदतीचे सतरा दिवस उरले होते. पत्रे अजून लागलेले नव्हते.

पहिल्यांदा मी वेळेत पोचलो होतो. घरी येऊन डीपीच्या भाग नकाशावर ट्रेसिंग पेपर अंथरला. आमची सोसायटी, नवे नऊ टॉवर, चालत जाता येईल अशा अंतरातल्या शाळा, आणि त्या शाळांपर्यंतचे आजचे प्रत्यक्ष रस्ते, आराखड्यातले नव्हे, जागेवर मोजलेले. पर्यावरण मंजुरीतला आकडा शेजारी लिहिला, ५,७०० माणसं. एवढी माणसं इथे राहायला येणार हे ज्या सरकारी कागदानं मान्य केलं, त्याच्या तारखेनंतर त्यांच्या मुलांची शाळा काढण्याचा प्रस्ताव निघाला आहे, एवढंच हरकतीत लिहिलं. एक पान मजकूर, एक नकाशा. सोसायटीच्या सभेत वाचून दाखवला. या वेळी सभा वीस मिनिटांत संपली आणि ६१ सह्या झाल्या. पुतणीनं नव्या प्रकल्पातल्या घर घेणाऱ्यांच्या गटात तो नकाशा पाठवला, तिथून आणखी ३८ आल्या.

हरकत मी स्वतः आवक विभागात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतला. तो शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जाताना न्यायच्या गोष्टी: प्रकल्पाच्या फलकावरून उतरवलेला परवानगी क्रमांक, रेघा नसलेली वही, साधी सेंटिमीटरची पट्टी, जवळचा चष्मा आणि भिंग, कारण नकाशावरच्या तळटिपा फार बारीक असतात. शक्य असेल तर सोबत एक माणूस, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. पोचल्यावर आधी बाहेरचा सूचना फलक वाचायचा, मग फाइल मागायची.

आमच्या सुनावणीची तारीख आली आहे, गुरुवारी सकाळी साडेअकरा. नोटिशीत एकाच प्रतिनिधीला यायला सांगितलं आहे. अध्यक्षबाई बोलणार आहेत, आणि त्यांच्यासाठी मी तो नकाशा पुन्हा काढतो आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत.